करणीला घाबरू नका : अपूर्णांक घातांक वापरून करणी सोपी कशी करावी



'करणी' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात हसू पिकतं. बऱ्याच मुलांच्या घरी या शब्दाचा अर्थ वेगळाच असतो. कुणी कुणावर केलेली करणी, मग लिंबू-मिरची, उतारा वगैरे. हसू द्यावं त्यांना मिनिटभर. मग सांगावं की गणितातली करणी म्हणजे साधं 'करणारी'. यज्ञवेदी दोरीने आखण्याची भूमिती ज्यात आहे त्या शुल्बसूत्रांमध्ये 'द्विकरणी' हा शब्द येतो. एखाद्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस 'करणारी' बाजू ती द्विकरणी. मूळ चौरसाची बाजू १ असेल तर ही बाजू म्हणजे आपलं √२. तिप्पट करणारी ती त्रिकरणी, म्हणजे √३. शब्द जुना आहे, पण भीतीचा नाही.

तरीही नववीत गेल्यावर मुलं या प्रकरणाला दचकतात. कारण काय, तर तिथे नियमांची रांग लागते. करणींचा गुणाकार असा करा, कोटी वेगळी असेल तर तसा करा, लहान-मोठेपणा ठरवायला अमुक करा, छेदाचं परिमेयीकरण तमुक पद्धतीने करा. प्रत्येक नियम वेगळा पाठ केला की चाचणीपुरता राहतो आणि दिवाळीच्या सुट्टीत विरून जातो. आज आपण पाहणार आहोत की हे सगळे नियम म्हणजे पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकीच आहे. करणीचं चिन्ह काढून त्या जागी अपूर्णांक घातांक लिहायचा, एवढंच. आठवीच्या पुस्तकात 'घातांक व घनमूळ' या प्रकरणात याची ओळख होते. पण ते प्रकरण आपण सगळेच जरा घाईत उरकतो, आणि नववीत त्याचे भोग भोगावे लागतात.

(इथे टाइप करताना घातांक छोट्या अक्षरात वर लिहिता येत नाही, म्हणून ^ ही खूण वापरली आहे. २^३ म्हणजे २ चा ३ रा घात. वहीत मात्र नेहमीसारखाच वर लिहा.)

आधी लागणारी शिदोरी

घातांकांचे हे नियम तुम्हाला माहीत आहेतच :

अ^म × अ^न = अ^(म + न)
अ^म ÷ अ^न = अ^(म − न)
(अ^म)^न = अ^(म × न)
(अ × ब)^म = अ^म × ब^म

आणि अ^० = १, अ^(−म) = १/अ^म. ऋण घातांक दिसला की संख्या ऋण होत नाही, ती छेदात जाते. हे एकदा पुन्हा बजावून घ्या, कारण पुढे याची गरज पडणार आहे.

घातांक अर्धा असेल तर?

आता फळ्यावर एक पायऱ्यांची ओळ लिहा.

२^० = १
२^१ = २
२^२ = ४
२^३ = ८

घातांक एकाने वाढला की उत्तर दुप्पट होतं. आता मुलांना विचारा, २^० आणि २^१ यांच्या बरोबर मधे २^(१/२) आहे. त्याची किंमत किती असेल? दहापैकी आठ मुलं सांगतील, 'दीड!' कारण १ आणि २ च्या मधे दीड.

हे उत्तर लगेच चूक म्हणून खोडू नका, ते तपासायला लावा. अर्धी पायरी चढल्यावर संख्या कितीतरी पट होते. दुसरी अर्धी पायरी चढल्यावर ती पुन्हा तितकीच पट व्हायला हवी, आणि दोन अर्ध्या पायऱ्या मिळून दुप्पट व्हायला हवी. दीड घेतलं तर १ × १.५ = १.५, आणि पुन्हा १.५ × १.५ = २.२५. दोनच्या पुढे गेलो. १.४ घेऊन पाहा : १.४ × १.४ = १.९६. थोडं कमी पडलं. १.४१ ने १.९८८१ येतं, १.४२ ने २.०१६४. म्हणजे उत्तर १.४१ आणि १.४२ च्या मधे कुठेतरी आहे. आता मुलंच ओरडतात, 'बाई, हे तर √२!'

तेच नियमाने लिहू :

२^(१/२) × २^(१/२) = २^(१/२ + १/२) = २^१ = २

स्वतःलाच गुणल्यावर २ देणारी धन संख्या म्हणजे √२. म्हणून २^(१/२) = √२. हा कुणी वरून लादलेला नवा नियम नाही. घातांकांची बेरीज करण्याचा जुना नियम अपूर्णांकांनाही लागू ठेवायचा असेल तर दुसरा पर्यायच उरत नाही. तसंच २^(१/३) तीनदा गुणल्यावर २ यायला हवेत, म्हणून ते २ चं घनमूळ, ∛२. थोडक्यात, छेदात जो अंक त्या क्रमाचं मूळ.

इंग्लंडच्या न्यूटनने १६७६ साली लायब्निझसाठी लिहिलेल्या एका पत्रात हेच केलं आहे. पूर्ण घातांक लिहिण्याची रीत तेव्हा रुळली होतीच, त्याच धर्तीवर मुळांसाठी त्याने १/२, ३/२, ५/३ असे घातांक सरळ लिहिले. √ हे चिन्ह त्याच्या दीडशे वर्षं आधी, १५२५ साली, रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात छापलं गेलं होतं. म्हणजे एकाच गोष्टीच्या या दोन लिप्या आहेत. जिथे जी सोयीची तिथे ती वापरायची.

अंश आणि छेद, दोघांची कामं वेगळी

८^(२/३) घेऊ. २/३ म्हणजे १/३ च्या दोन पट. म्हणून

८^(२/३) = (८^(१/३))^२ = २^२ = ४

किंवा उलट क्रमाने, ८^(२/३) = (८^२)^(१/३) = ∛६४ = ४. उत्तर एकच. पण माझा आग्रह असतो की आधी मूळ काढा, मग घात करा. ३२^(३/५) करताना आधी घन केला तर ३२७६८ येतात, आणि त्यांचं पाचवं मूळ शोधत बसावं लागतं. आधी पाचवं मूळ काढलं तर २ येतं, २ चा घन ८. तोंडी उत्तर!

त्याहूनही चांगली सवय म्हणजे आत बसलेली संख्या आधी मूळ अवयवांत फोडणे. ३२ दिसले की २^५ लिहायचं, ८१ दिसले की ३^४. मग

८१^(−३/४) = (३^४)^(−३/४) = ३^(−३) = १/२७

घातांकांचा गुणाकार झाला, ४ ने ४ गेला, संपलं. मूळ 'काढावं' लागलंच नाही.

करणी सोपी करणे

आता नववीची नेहमीची उदाहरणं घेऊ. √७२ सोपी करा. ७२ = २^३ × ३^२.

√७२ = (२^३ × ३^२)^(१/२) = २^(३/२) × ३

३/२ म्हणजे १ पूर्णांक १/२. पूर्णांक भाग बाहेर येतो, उरलेला अपूर्णांक करणीत राहतो :

२^(३/२) = २^१ × २^(१/२) = २√२

म्हणून √७२ = ३ × २√२ = ६√२. 'जोडीतला एक बाहेर' असं आपण मुलांना शिकवतो ना, ते दुसरं काही नसून अंशाधिक अपूर्णांकाचं पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर आहे. हे मुलांना दाखवलं की त्यांना दोन्ही गोष्टी एकदम कळतात. घनमुळातही हीच रीत चालते. ∛१६ = २^(४/३) = २^(१ + १/३) = २∛२. तिथे जोडी नाही, त्रिकूट लागतं, वगैरे वेगळं सांगावं लागत नाही.

कोटी लहान करण्याचं उदाहरण तर फारच मजेशीर आहे. ∜९ सोपं होईल का? मुलं बराच वेळ करणीकडे बघत बसतात. घातांकात लिहा :

∜९ = ३^(२/४) = ३^(१/२) = √३

२/४ ला संक्षिप्त रूप दिलं की झालं! ८ चं सहावं मूळही असंच. २^(३/६) = २^(१/२) = √२.

वेगळ्या कोटीच्या करणींचा गुणाकार :

√२ × ∛२ = २^(१/२) × २^(१/३) = २^(३/६ + २/६) = २^(५/६)

म्हणजे ३२ चं सहावं मूळ. लसावि काढला, छेद समान केले, बेरीज केली. यात नववीचं असं काय आहे? आणि करणीच्या आत करणी असेल तर आतून बाहेर यायचं. √(२√(२√२)) हे पाहून मुलांच्या पोटात गोळा येतो. सर्वांत आतलं २√२ = २^(३/२). त्याचं वर्गमूळ २^(३/४). त्याला बाहेरच्या २ ने गुणलं, २^(७/४). पुन्हा वर्गमूळ, २^(७/८). झालं. हुशार मुलं इथे विचारतात की अशा करण्या आत आत लिहीतच गेलो तर काय होईल. घातांक १/२, ३/४, ७/८, १५/१६ असे १ च्या जवळ जवळ जातात, म्हणून किंमत २ च्या जवळ जात राहते. हा प्रश्न कुणी विचारला तर पुढचं उदाहरण बाजूला ठेवून यावर दहा मिनिटं घालवायला हरकत नाही.

लहान-मोठेपणा : √२ मोठं की ∛३? दशांशात काढायची गरज नाही. २^(१/२) = २^(३/६), म्हणजे ८ चं सहावं मूळ. ३^(१/३) = ३^(२/६), म्हणजे ९ चं सहावं मूळ. ९ मोठे, म्हणून ∛३ मोठं.

छेदाचं परिमेयीकरण : ६/∛४ घ्या. ∛४ ला ∛४ नेच गुणायचं ही वर्गमुळातली सवय इथे कामाला येत नाही. घातांकात बघा :

६ ÷ २^(२/३) = ३ × २^१ ÷ २^(२/३) = ३ × २^(१ − २/३) = ३ × २^(१/३) = ३∛२

छेदातल्या घातांकाला १ व्हायला किती कमी पडतं? १/३. तेवढ्यानेच गुणायचं असतं, म्हणजे ∛२ ने. वजाबाकीनं ते आपोआप दाखवलं.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ज्या मुलाला १/२ + १/३ करता येत नाही, तो २/५ लिहितो, आणि त्याची करणी चुकते. मग आपण म्हणतो की याला करणी येत नाही. त्याला करणी नाही, अपूर्णांक येत नाहीत. अशा मुलाला करणीची आणखी वीस उदाहरणं देऊन काही होणार नाही. चार दिवस मागे जाऊन कागदाच्या पट्ट्या, भाकरीचे तुकडे, जे हाताशी असेल ते घेऊन अपूर्णांकांची बेरीज पक्की करा. अभ्यासक्रम मागे पडतो, मान्य आहे. पण हे केलं नाही तर पुढची दोन वर्षं ते मूल गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसणार, हेही तितकंच खरं.

मुलं कुठे चुकतात

१६^(१/२) = ८. ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. 'अर्धा' घात म्हणजे संख्येचा अर्धा, असं वाटतं. उपाय एकच, उत्तराचा ताळा करायचा. ८ × ८ = ६४, १६ नाही.

(९ + १६)^(१/२) = ३ + ४ = ७. घातांक गुणाकारावर वाटला जातो, बेरजेवर नाही. २५ चं वर्गमूळ ५ आहे. ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण काढून दाखवा. दोन बाजूंनी वळसा घालून गेलं तर ७, कर्णाने सरळ गेलं तर ५. हे चित्र मुलं विसरत नाहीत.

√८ + √२ = २^(३/२) + २^(१/२) = २^२ = ४. इथे बेरीज आहे, आणि मुलं गुणाकाराचा नियम लावून मोकळी होतात. खरं तर २^(१/२) सामाईक काढायचा. २^(१/२) × (२ + १) = ३√२. गंमत अशी की गुणाकार असता तर √८ × √२ = ४ हे बरोबरच आलं असतं, त्यामुळे ही चूक अगदी खरी वाटते.

पाया धन का हवा?

पुस्तकात 'अ > ०' अशी अट असते आणि ती कुणी वाचत नाही. ती का आहे ते एकदा करून बघू. −८ चं घनमूळ −२ आहे, कारण (−२) × (−२) × (−२) = −८. म्हणून (−८)^(१/३) = −२ लिहावंसं वाटतं. पण १/३ = २/६. मग (−८)^(२/६) म्हणजे (−८) चा वर्ग ६४, त्याचं सहावं मूळ २. एकाच घातांकाची दोन उत्तरं, −२ आणि २! अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्याने उत्तर बदलत असेल, तर आपण वर केलेली सगळी कामं मोडीत निघतील. म्हणून अपूर्णांक घातांक वापरताना पाया धनच घ्यायचा. −८ चं घनमूळ हवं असेल तर ∛ या चिन्हाने लिहावं, ते चालतं.

याच घरातली दुसरी अडचण म्हणजे (क्ष^२)^(१/२) = क्ष. क्ष = ५ असेल तर ठीक. क्ष = −५ असेल तर वर्ग २५, त्याचं वर्गमूळ ५, म्हणजे −५ परत आलं नाही. क्ष धन आहे की नाही हे दिलेलं नसेल तर उत्तर क्ष चं केवलमूल्य असं लिहावं. स्पर्धा परीक्षांत मुद्दाम इथेच खड्डा खणलेला असतो.

ए-फोर कागदाची गोष्ट

'बाई, हे कशाला शिकायचं?' हा प्रश्न येतोच. त्यावेळी ऑफिसमधला एक कोरा ए-फोर कागद वर्गात आणा. पट्टीने मोजायला सांगा. २९७ मिमी आणि २१० मिमी. मग विचारा, ३०० आणि २०० का नाही? हे विचित्र आकडे कुणी ठरवले?

कागद मधोमध घडी घालून दोन भाग केले तर प्रत्येक भागाचा आकार मूळ कागदासारखाच राहावा, नुसता लहान व्हावा, अशी अट आहे. लांब बाजू ल आणि आखूड र धरू. घडी घातल्यावर लांब बाजू र होते आणि आखूड ल/२. प्रमाण तेच राहायला हवं :

ल/र = र ÷ (ल/२) = २र/ल
ल^२ = २र^२
ल = २^(१/२) × र

म्हणजे लांबी रुंदीच्या √२ पट. आपली द्विकरणी! जर्मनीतल्या लिश्टेनबर्ग या प्राध्यापकाने १७८६ सालच्या एका पत्रात या प्रमाणाच्या कागदाबद्दल लिहिलं होतं. १९२२ साली जर्मनीने ते मानक म्हणून स्वीकारलं आणि पुढे ते जगभर गेलं.

आता सर्वांत मोठा कागद, ए-झीरो. त्याचं क्षेत्रफळ बरोबर १ चौरस मीटर ठरवलं आहे. ल × र = १, आणि ल = २^(१/२) × र. म्हणून

र^२ × २^(१/२) = १
र^२ = २^(−१/२)
र = २^(−१/४)
ल = २^(१/२) × २^(−१/४) = २^(१/४)

२^(१/४) म्हणजे २ चं वर्गमूळ आणि त्याचं पुन्हा वर्गमूळ, सुमारे १.१८९. त्याचा व्यस्त सुमारे ०.८४१. म्हणून ए-झीरो कागद ११८९ मिमी × ८४१ मिमी. प्रत्येक घडीला दोन्ही बाजू २^(−१/२) पट होतात. झीरोपासून फोरपर्यंत चार घड्या, म्हणून (२^(−१/२))^४ = २^(−२) = १/४. अकराशे एकोणनव्वदला चारने भागा, आठशे एक्केचाळीसला चारने भागा. २९७ आणि २१०! हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. करणीच्या तासाला असं सहसा होत नाही.

चार घड्या म्हणजे क्षेत्रफळ १/१६, म्हणून सोळा ए-फोर कागद मिळून एक चौरस मीटर. रिमच्या वेष्टनावर ८० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. एका कागदाचं वजन ८० ÷ १६ = ५ ग्रॅम. पाचशे कागदांची रिम अडीच किलो. काट्यावर ठेवून बघा.

आणि झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन. ए-थ्री कागदावरचं ए-फोरवर आणायचं असेल तर दुकानदार ७१ टक्क्यांचं बटण दाबतो (काही मशीनवर ७० असतं). ते ७१ म्हणजे २^(−१/२) = ०.७०७. उलट मोठं करायचं तर १४१ टक्के, म्हणजे २^(१/२). निम्मा कागद हवा म्हणून ५० टक्के का नाही, हा प्रश्न मुलांना घरी विचार करायला द्या. बाजू निम्मी केली तर क्षेत्रफळ चौथाई होतं. दोन प्रश्नपत्रिका एका कागदावर बसवायच्या असतील तर आपल्यालाही हेच कामाला येतं.

पेटीचे बारा सूर

ज्या शाळेत परिपाठाला पेटी वाजते तिथे हे जरूर सांगा. सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पायऱ्या असतात आणि वरच्या सा ची कंपनसंख्या खालच्या सा च्या दुप्पट असते. आजच्या बहुतेक पेट्यांत या बाराही पायऱ्या समान ठेवलेल्या असतात. समान म्हणजे प्रत्येक पायरीला तितकीच पट. बारा वेळा गुणल्यावर २ यायला हवेत, म्हणून एक पायरी २^(१/१२), सुमारे १.०५९५.

तीव्र मध्यम सहाव्या पायरीवर आहे : २^(६/१२) = √२. शुद्ध गंधार चौथ्या पायरीवर : २^(४/१२) = ∛२. कोमल गंधार तिसऱ्या : २^(३/१२) = ∜२. मुलं कोटी लहान करायला शिकली आहेत हे लक्षात न येताच ती हे करतात.

पंचम सातव्या पायरीवर, २^(७/१२) = १.४९८. तंबोऱ्यावर कानाने जुळवलेला पंचम बरोबर ३/२, म्हणजे १.५. फरक नगण्य. पण गंधार पाहा. ∛२ = १.२६०, आणि कानाला गोड लागणारा नैसर्गिक गंधार ५/४ = १.२५. पेटीचा गंधार थोडा चढा पडतो. √२ आणि ∛२ अपरिमेय आहेत, ते कितीही केलं तरी ३/२ किंवा ५/४ सारख्या साध्या अपूर्णांकाशी जुळणार नाहीत. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली. त्यावेळी पेटीविरुद्ध जे आक्षेप होते त्यात तिच्या सुरांचा हा आक्षेपही होता. वर्गात पेटी वाजवणारा एखादा विद्यार्थी असेल तर हा भाग त्यालाच समजावून सांगायला लावा.

सरावासाठी

१) ६४^(२/३)
२) १२५^(−१/३)
३) √५० − √८ + √१८
४) ∛४ × (४ चे सहावे मूळ)
५) चढता क्रम लावा : √३, ∛५, ∜८
६) छेदाचे परिमेयीकरण करा : १०/∜१२५
७) केप्लरच्या नियमानुसार (प्रसिद्धी १६१९) ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या 'अ' पट असेल, तर त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला अ^(३/२) वर्षे लागतात. शनीसाठी अ = ९.५४ घेऊन फेरीचा काळ काढा. मग एका राशीत शनी साधारण किती काळ राहील ते काढा.

उत्तरे : १) १६   २) १/५   ३) ६√२   ४) २   ५) ∜८ < ∛५ < √३ (छेदांचा लसावि १२ घ्या, ५१२, ६२५, ७२९ यांची बारावी मुळे येतात)   ६) २∜५   ७) ९.५४^(३/२) = ९.५४ × √९.५४, म्हणजे सुमारे ९.५४ × ३.०९, अंदाजे २९.५ वर्षे. बारा राशींत वाटले तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. साडेसाती शब्दातले 'साडेसात' कुठून आले, ते मुलांनी आता घरी आजीला गणित करून दाखवावे.